स्थलदर्शक नकाशा आणि गावकुसाबाहेरचे अंतर

आपण कविता, कथा, आत्मकथन यांची समीक्षा करतो. सरकारी कागदाची समीक्षा करण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही. खरे पाहता ज्या समाजाचे आयुष्य सातबारा, वतनाचा दाखला, गावठाणाची हद्द आणि मोजणीची साखळी यांनी बांधले गेले, त्या समाजाने हे कागद एखाद्या ग्रंथाइतक्याच बारकाईने वाचले पाहिजेत. या लेखात मी अशाच एका कागदाचा विचार करणार आहे. तो कागद म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा, ज्याला भूगोलाचे विद्यार्थी टोपोशीट म्हणून ओळखतात.

हा नकाशा विज्ञानाचे अपत्य आहे, तेव्हा तो निःपक्षपाती आहे, असे शाळा-महाविद्यालयांतून शिकविले जाते. या विधानाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध तपासून घेतला पाहिजे.

प्रथम या नकाशाची कुळकथा पाहू. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची, म्हणजे प्लासीनंतर अवघ्या दहा वर्षांची. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. हे काम करता करताच १८२३ च्या जानेवारीत तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथे आहे. कबर असलेल्या या माणसाच्या मागे निशाणे धरणारे, साखळी ओढणारे, अवजड यंत्र डोंगरावर चढविणारे शेकडो खलाशी आणि हमाल होते. त्यांच्या कबरी कोठे आहेत हे कोणी लिहून ठेवलेले नाही. १८४३ साली डेहराडूनला एका मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या हमालांना स्वतःच्या कामासाठी बेगारीला जुंपले. राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाने त्याला विरोध केला. त्या विरोधाबद्दल शिकदारांनाच २०० रुपये दंड झाला. जगातील सर्वोच्च शिखराची उंची पुढे याच शिकदारांच्या गणिताने सिद्ध झाली आणि शिखराला नाव मात्र १८६५ साली एव्हरेस्ट या निवृत्त साहेबाचे मिळाले. नकाशावरील नाव आणि नकाशामागचा श्रम यांचा संबंध कसा असतो, हे एवढ्यावरून कळावे.

महाराष्ट्रात या बेगारीला वतनाचे नाव होते. गावात सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे धावणे, त्याचे सामान वाहणे, वाट दाखविणे आणि गावाची शीव दाखविणे ही महाराची वतनी कामे होती. दोन गावांत शिवेचा तंटा पडला तर महार जिथून चालत जाईल ती शीव खरी मानली जाई. याचा अर्थ असा की गावाचा खरा नकाशा महाराच्या पायांत होता. गावच्या हद्दीचे सर्वांत विश्वसनीय ज्ञान ज्याच्याकडे, त्यालाच गावाच्या आत राहण्याची मनाई! स्पृश्य समाजाने महाराची साक्ष घेतली, इंग्रज सरकारने तीच साक्ष कागदावर उतरविली आणि कागद तयार झाल्यावर साक्षीदाराची गरज संपली.

आता प्रत्यक्ष नकाशाकडे वळतो. १९०५ पासून सर्वेक्षण विभागाने एक इंचाला एक मैल या प्रमाणावर रंगीत नकाशांची आधुनिक मालिका हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली आणि प्रमाण १:५०,००० झाले, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढा प्रदेश एका शीटवर येतो. आपल्याकडे तो सुमारे सातशे चौरस किलोमीटर भरतो. पिवळा रंग लागवडीचा, हिरवा झाडीचा, निळा पाण्याचा, तपकिरी समोच्च रेषांचा आणि तांबडा रस्त्यांचा व घरांचा.

शीटच्या तळाशी चिन्हे व खुणांची सूची असते. माझ्या मते समीक्षकाने नकाशा वाचण्याआधी ही सूची वाचावी. तीत देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, थडगे अशी स्वतंत्र चिन्हे आहेत. बांधलेली विहीर आणि न बांधलेली विहीर यांना वेगळी चिन्हे आहेत. ताडाला एक आणि इतर माडवर्गी झाडांना दुसरे चिन्ह आहे. मांडवावर चढविलेल्या द्राक्षवेलीलासुद्धा चिन्ह आहे. वसलेले गाव आणि उजाड गाव यांत भेद केला आहे. कायम झोपड्या व तात्पुरत्या झोपड्या यांतही भेद केला आहे. परंतु ज्या विहिरीवर गावातील काही माणसांना पाणी भरता येत नाही आणि ज्या विहिरीवर सर्वांना भरता येते, या दोहोंत भेद नाही. पाणी तेवढे निळे.

यावर सर्वेक्षकाचे उत्तर ठरलेले आहे. तो म्हणेल, ‘आम्ही डोळ्यांना दिसते तेच काढतो. जात डोळ्यांना दिसत नाही.’ हे उत्तर टिकत नाही. तालुक्याची हद्द डोळ्यांना दिसते काय? राखीव जंगलाची सीमा दिसते काय? तरी त्या तुटक रेषांनी आणि ठिपक्यांनी काळजीपूर्वक काढलेल्या असतात. पोलीस ठाणे, पोस्ट, विश्रामगृह यांची आद्याक्षरे छापलेली असतात. राज्यकर्त्याला कारभारासाठी जी अदृश्य रेषा लागते ती नकाशावर येते. माणसाचे जगणे ठरविणारी जी अदृश्य रेषा राज्यकर्त्याच्या कामाची नसते ती येत नाही. नकाशाचा पक्षपात असतो तो इथे, निवडीत. मोजणीत चूक काढता येत नाही, म्हणून निवडीतील पक्षपात झाकून जातो.

तथापि हा नकाशा आपल्याला काहीच सांगत नाही असे मी म्हणणार नाही. प्रामाणिक मोजणी तिच्या कर्त्याला नको असलेले सत्यही नोंदवून ठेवते. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील कोणतेही शीट घ्या. गावाच्या तांबड्या पुंजक्यापासून सुटलेला एक लहान पुंजका पुष्कळ ठिकाणी आढळेल. तो नेहमीच महारवाडा किंवा मांगवाडा असेल असे नाही. ती एखादी वाडी किंवा वस्तीही असू शकते. ते गावात जाऊनच ठरवावे लागते. पण तो वाडा असला, तर मधली मोकळी जागा मोजा. जमिनीवरचे शंभर मीटर कागदावर दोन मिलिमीटर भरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्य गावाबाहेर का राहतात हा प्रश्न मूलभूत मानला, तो प्रश्न या दोन मिलिमीटरांत छापलेला आहे. शेजारच्या समोच्च रेषा आणि ओढ्याच्या वाहण्याची दिशा पाहिली तर उतार कळतो. पाणवठ्याचे वरचे अंग कोणाचे आणि खालचे अंग कोणाचे, हेही गावात विचारून त्या उतारावर ताडून पाहता येते. नकाशाने जात लपविली, अंतर लपविले नाही.

या नकाशांचे खरे सामर्थ्य एका शीटमध्ये नसते. एकाच प्रदेशाची दोन काळांतील शीटे शेजारी ठेवली म्हणजे ते कळते. यासाठी मी इंदापूर तालुक्याचे उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रातील जमीनमोजणीच्या इतिहासात या तालुक्याला पहिले स्थान आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ साली मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची जी पद्धत बसविली ती प्रथम इंदापुरात. तेहतीस फुटी साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि तीस वर्षांचा सारा ही व्यवस्था तेथून सर्वत्र पसरली. ज्या भीमेच्या काठी ही मोजणी झाली, त्याच भीमेवर १९८० साली उजनी धरण पुरे झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्याच्या फुगवट्याने इंदापूर, करमाळा या तालुक्यांतील नदीकाठ गिळला.

धरणाआधीच्या नकाशावर भीमा ही वळणे घेत जाणारी एक नदी आहे आणि तिच्या दोन्ही काठांवर गावांचे तांबडे ठिपके आहेत. धरणानंतरच्या नकाशावर तिथे निळा विस्तार आहे. प्रत्येक ओढ्याच्या मुखातून त्याची बोटे आत शिरली आहेत. जुने पळसदेव पाण्यात गेले आणि नवे पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला येऊन बसले. दुष्काळाच्या वर्षी पाणी उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात, लोक होड्यांतून पाहायला जातात. पण त्या देवळापासून दूर, गावाच्या कडेला ज्यांची मातीची घरे होती, त्यांच्या भिंती पहिल्याच पाण्यात विरघळल्या. दगडाचे देऊळ दुष्काळात वर येते, मातीचा वाडा कधीच वर येत नाही. म्हणून गावाच्या स्मृतीतही देऊळ राहते. जुने शीट हाच अशा वस्त्यांचा उरलेला सरकारी दाखला आहे, आणि या कारणासाठी मी त्याला मोलाचे साधन मानतो.

दोन्ही नकाशांतील पिवळा रंग पाहा. धरणाआधी पिवळा, धरणानंतरही पिवळा. आधी त्या पिवळ्यात ज्वारी-बाजरी होती, नंतर ऊस आला. सर्वेक्षकाच्या लेखी दोन्ही लागवडच. परंतु ज्वारीच्या शिवारात बलुत्याच्या किंवा मजुरीच्या रूपाने घरी धान्य येत होते. उसाच्या शिवारात साखर कारखान्याची टोळी येते. गावोगावचे भूमिहीन बैलगाडी आणि बिऱ्हाड घेऊन येतात, पाचटाच्या कोपी उभ्या करतात आणि हंगाम संपला की निघून जातात. सूचीत तात्पुरत्या झोपडीला चिन्ह आहे खरे, पण सर्वेक्षकाची फेरी आणि टोळीचा मुक्काम जुळला तर ते चिन्ह उमटणार. पाल टाकून राहणाऱ्या पारधी, कैकाडी समाजांची हीच कथा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना तारेच्या कुंपणात बसविले. तो कायदा १९५२ साली गेला, तरी नकाशावर त्यांना पत्ता मिळाला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, म्हणजे उजनी पुरी झाली त्याच साली. पत्ता नसलेल्या माणसाचा नकाशा त्या पुस्तकात आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ त्याआधी दोन वर्षे आले होते. या आत्मकथनांना केवळ दुःखाच्या कहाण्या म्हणणाऱ्या समीक्षकांनी ती टोपोशीटशेजारी ठेवून वाचावीत. कोणत्या विहिरीवर कोण जात असे, कोणत्या वाटेने कोणाला जाता येत नव्हते, वाड्यापासून शाळा किती लांब होती, अशा असंख्य मोजण्या त्यांत आहेत. सर्वेक्षण विभागाने जे मोजले नाही ते आत्मकथनांनी मोजले.

निळ्या रंगाचीही गोष्ट अशीच. नकाशावर धरणाची किनार एका ठाम रेषेने काढलेली असते. प्रत्यक्षात उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि काठाची गाळपेर जमीन उघडी पडते. ती दरसाल भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आहे. चार महिने शेत आणि आठ महिने तळे अशी ही जमीन नकाशावर कायमची पाणी असते. जी जमीन नकाशावर नाही तिच्यावर कोण नांगर घालतो, हे नकाशा पाहून कळत नाही. गावातील बळ कोणाकडे आहे हे पाहिले की कळते.

आता जमिनीच्या प्रश्नाकडे येतो; तोच या लेखाचा गाभा आहे. महार वतनाच्या जमिनी पुष्कळदा एकाच सर्व्हे नंबरात अनेक कुटुंबांच्या सामाईक होत्या. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. त्यानंतर तीस वर्षांनी कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. बेगार गेली, पण जमीन नवीन शर्तीवर, रक्कम भरून परत घ्यावी लागली. यातील काहीच टोपोशीटवर दिसत नाही, कारण त्यावर शेतांच्या हद्दी नसतात. वतनाची जमीन कोणी लाटली हे शोधायचे तर गावनकाशा आणि जुने फेरफार हाच मार्ग.

गायरानाचे मात्र तसे नाही. गायरान म्हणजे नकाशावरचा पांढरा, गवता-खुरट्या झुडपांचा तुकडा. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही त्यांची मागणी होती. त्या काळात आणि पुढेही, विशेषतः मराठवाड्यात, दलितांनी माळरान फोडले, दगड वेचले, बांध घातले. पुढच्या आवृत्तीत पांढऱ्या तुकड्याचा पिवळा झाला. सर्वेक्षकाने लागवड पाहिली, लागवड नोंदविली. सातबारावर मात्र तीच जमीन सरकारी गायरान आणि कसणारा अतिक्रमक! एकाच सरकारच्या एका खात्याचा कागद म्हणतो येथे शेत आहे. दुसऱ्या खात्याचा कागद म्हणतो येथे शेतकरी नाही.

हा विरोध कार्यकर्त्यांनी वापरला पाहिजे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ साली घेतला. म्हणजे सारा वाद तारखेचा झाला. १९९० पूर्वी ही जमीन कसली जात होती हे सिद्ध कसे करायचे? गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असते, पण ती करणे तलाठ्याच्या हाती आणि तलाठ्यावर गावाचा दाब. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिल्यापासून हा प्रश्न अधिक धारदार झाला आहे. त्या निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केलेला आहे, हे मात्र गावात कोणी सांगत नाही. सरकारी अधिकाराने केलेले नकाशे अचूक आहेत असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. तेव्हा १९७० किंवा १९८० च्या दशकातील सर्वेक्षणावर आधारलेले शीट त्या तुकड्यावर लागवड दाखवीत असेल, तर तो दुर्लक्षिण्यासारखा कागद नव्हे. कोण कसत होते हे तो सांगणार नाही. कसले जात होते एवढे सांगेल. उरलेले काम एक-ई, दंडाच्या पावत्या आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी यांनी करायचे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शीटवर सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगळे दिलेले असते. दोहोंत काही वर्षांचे अंतर पडू शकते. पुरावा सर्वेक्षणाच्या वर्षाचा असतो. नव्या आवृत्तीवर जुन्याच सर्वेक्षणाची पुनरावृत्ती तर नाही ना, हेही पाहावे. विरोधी वकील हे पाहिल्याशिवाय राहणार नाही.

हे कागद मिळतात कोठे, हाही प्रश्न आहेच. वर्षानुवर्षे कित्येक शीटांवर निर्बंध होते. अमेरिकन सैन्याने १९५० च्या दशकात छापलेले आपल्या देशाचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात कोणालाही पाहता येतात; आपल्या गावाचा आपल्याच सरकारने केलेला नकाशा मात्र आपल्या शाळामास्तराला मिळत नव्हता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली मालिका वेगळी केली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंधने पुष्कळ सैल झाली. दारे उघडली आहेत. जुनी शीटे मात्र ग्रंथालयांतून आणि महाविद्यालयांच्या भूगोल विभागांतून चिकाटीने शोधावी लागतील.

मग नकाशावर महारवाड्याचे चिन्ह छापावे अशी आपली मागणी आहे काय? मुळीच नाही. २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जाळणाऱ्यांना नकाशाची गरज पडली नव्हती. त्यांना छापील नकाशा आणखी हातात देण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला, त्याचे मी स्वागत करतो. मात्र एक अट आहे. नाव बदलले म्हणून अंतर मिटले असे समजू नये. उद्याच्या शीटवर ‘समतानगर’ छापले जाईल आणि मधले दोन मिलिमीटर तसेच राहतील, तर नकाशा अधिक सभ्य होईल, गाव होणार नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांनी प्याले. पुढे त्यावर दहा वर्षे खटला चालला, १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल लागला. नकाशावर ते तळे आधीही निळे होते आणि नंतरही निळेच आहे. क्रांती रंगात उतरत नाही. ती लिहून ठेवावी लागते.

२०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम चालू आहे. नवा नकाशा तयार होत आहे, आणि तो पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणाचा आहे. गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानात ज्यांची घरे आहेत, त्यांचे या मोजणीत काय होते? गावठाण वाढवून ती घरे आत घेतली जातात, की पुन्हा रेषेबाहेर ठेवली जातात? हे पाहण्याची वेळ मोजणी चालू असतानाची आहे, हरकतीची मुदत संपल्यावरची नव्हे.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी सूचना अशी. प्रत्येकाने आपल्या गावाचे जुने शीट, नवे शीट आणि भूमिअभिलेख कचेरीतील गावनकाशा मिळवावा. वाड्यातील वडीलधाऱ्यांना घेऊन बसावे आणि पाणवठे, स्मशानाची वाट, वतनाचा तुकडा, फोडलेले गायरान, बुडालेली वस्ती यांच्या जागा त्यांच्याकडून नक्की करून घ्याव्यात. तारीख घालावी, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा. ज्यांच्या पायांतून एकेकाळी गावाची शीव काढली गेली, त्यांच्या नातवंडांनी हे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये. सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.